अँटीव्हायरस कोणता घ्यावा? – एका प्रश्नाचा इतिहास

घरात संगणक आला की चार-आठ दिवसांत एक प्रश्न हमखास निघतो : ‘यात अँटीव्हायरस कोणता घालावा?’ शिक्षकांच्या घरी हा प्रश्न जरा अधिक महत्त्वाचा असतो. त्यांच्या संगणकावर घरच्या छायाचित्रांबरोबर वर्गाची निकालपत्रके, शिष्यवृत्तीच्या याद्या, मुलांच्या जन्मतारखा आणि पुढच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिकाही असतात. वाणगाव, बोईसर, पालघर या आमच्या भागात तर शाळेचा संगणक आणि घरचा संगणक असा भेद पुष्कळदा उरतच नाही. एकच पेनड्राइव्ह शाळेतून घरी येतो, घरून छपाईसाठी झेरॉक्सच्या दुकानात जातो आणि तेथून पुन्हा शाळेत पोहोचतो. या फेरीत कुठेतरी एखादा घातक प्रोग्रॅम चिकटला, तर वर्षभराचे काम एका रात्रीत वाचता न येण्याजोगे होऊ शकते.

दुकानदार या प्रश्नाचे उत्तर एका नावात देतो. शेजारी दुसरे नाव सांगतो. नावांच्या या गर्दीत शिरण्यापूर्वी प्रश्नाचा इतिहास पाहावा असे आम्हाला वाटते. कारण गेल्या साडेतीन-चार दशकांत ‘चांगला अँटीव्हायरस कोणता’ याचे उत्तर अनेकदा बदलले आहे, आणि प्रत्येक वेळी ते बदलण्याचे कारण एकच होते : विषाणू येण्याची वाट बदलली. ती वाट समजली, तर निवड कशी करायची हे आपोआप उलगडत जाते. या इतिहासाचा एक ठळक भाग आपल्या महाराष्ट्रातच घडलेला आहे.

विषाणू हे नाव कसे पडले?

स्वतःची प्रत स्वतःच तयार करणारे यंत्र असू शकते का, याचा विचार गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या व्याख्यानांत मांडला होता. ते लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १९६६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुढे १९८३ साली अमेरिकेत फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने असा एक प्रोग्रॅम प्रत्यक्ष लिहून दाखवला. तो दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये स्वतःची प्रत घुसवत असे. तो प्रोग्रॅम कोणी चालवला, की ही प्रत आणखी तिसऱ्या प्रोग्रॅममध्ये घुसे. कोहेन यांचे मार्गदर्शक लेनर्ड ॲडलमन यांनी त्याला ‘व्हायरस’ हे नाव सुचवले.

नाव चपखल आहे. सजीवांमधला विषाणू स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही, त्याला यजमान पेशी लागते. संगणकाचा विषाणूही तसाच आहे. त्याला चालवायला कोणीतरी लागते. एखादी फाईल उघडली जावी लागते, एखादी चकती संगणकात घातली जावी लागते. म्हणूनच विषाणूविषयी पहिला प्रश्न ‘तो काय करतो’ हा नसून ‘तो कोणाच्या हातून आणि कोणत्या वाटेने येतो’ हा आहे.

फ्लॉपीची वाट

१९८६ साली लाहोरमध्ये बासित आणि अमजद फारुख अल्वी या दोघा भावांनी ‘ब्रेन’ नावाचा विषाणू लिहिला. आयबीएम पद्धतीच्या वैयक्तिक संगणकांवर पसरलेला हा पहिला विषाणू मानला जातो. आपल्या प्रोग्रॅमच्या चोरट्या प्रती निघू नयेत हा आपला हेतू होता, असे या भावांनी पुढे सांगितले. विषाणूमध्ये त्यांनी स्वतःचे नाव, दुकानाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला होता!

ब्रेन फ्लॉपीच्या ‘बूट सेक्टर’मध्ये राहत असे. हा भाग काय असतो ते पाहू. संगणक सुरू झाला की आधी चकतीचा अगदी पहिला तुकडा वाचतो. हा तुकडा अवघा ५१२ बाइटचा, म्हणजे साधारण एका परिच्छेदाएवढा. पुढे काय करायचे याच्या सूचना त्यात असतात. विषाणू नेमका येथे बसला, तर संगणकातले इतर काहीही सुरू होण्यापूर्वी तो सुरू होतो. गंमत अशी, की ज्या फ्लॉपीवर एकही प्रोग्रॅम नाही, केवळ दोन पत्रे लिहिलेली आहेत, तिलाही बूट सेक्टर असतोच. अशी फ्लॉपी संगणकात विसरून राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू केला, की लागण झालीच म्हणून समजा.

आता आपल्याकडचा विषाणू पाहू. जून १९९०मध्ये भारतात एक नवा बूट सेक्टर विषाणू सापडला. दरवर्षी ५ जानेवारीला लागण झालेला संगणक मध्येच थांबे आणि पडद्यावर एक सूचना दाखवी. ‘हॅपी बर्थडे जोशी’ अशी अक्षरे टंकलिखित केल्याशिवाय तो पुढे सरकत नसे. जगभरच्या विषाणूकोशांत हा ‘जोशी’ याच नावाने नोंदला गेला. वाढदिवसाची ही थट्टा वरवर निरुपद्रवी वाटते. पण जोशीचे वागणे बारकाईने पाहिले, तर तो चांगलाच हुशार होता असे दिसते. तो संगणकाच्या स्मृतीत ठाण मांडून बसे. कोणी बूट सेक्टर वाचून पाहू लागला, तर विषाणू मूळचा, निरोगी मजकूर त्याच्यापुढे ठेवी. तीन कळा एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू केला, तरी तो स्मृतीतून जात नसे.

मग उपाय काय होता? वीज पूर्ण बंद करायची, निरोगी असल्याची खात्री असलेल्या फ्लॉपीवरून संगणक सुरू करायचा आणि मग तपासणीचा प्रोग्रॅम चालवायचा. ही फ्लॉपी लेखनबंद केलेली असे. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक खाच असे. ती खाच चिकटपट्टीने झाकली, की संगणकाला त्या फ्लॉपीवर काही लिहिता येत नसे, म्हणून विषाणूलाही तेथे शिरता येत नसे. चार-दोन पैशांची ती चिकटपट्टी हे त्या काळातले फार मोलाचे संरक्षण होते. ती विषाणू ओळखत नव्हती, त्याची वाट मात्र बंद करत होती. हा मुद्दा पुढे आपल्याला पुन्हा लागणार आहे.

पुण्यातील दुरुस्तीचे दुकान

परदेशात १९८७च्या सुमारास अँटीव्हायरस प्रोग्रॅम बाजारात येऊ लागले. अमेरिकेत जॉन मॅकॅफी, जर्मनीत जी डेटा, चेकोस्लोव्हाकियात नॉड ही त्या काळातली नावे. पण हे सारे प्रोग्रॅम काम कसे करत?

विषाणू पकडणारा माणूस आधी त्याचा नमुना मिळवतो. त्याचा मजकूर वाचतो आणि त्यातला असा एक तुकडा निवडतो, की जो या विषाणूत सापडतो पण अन्य कोणत्याही सरळ प्रोग्रॅममध्ये सहसा सापडत नाही. ही झाली विषाणूची खूण. अँटीव्हायरस आपल्या खुणांची यादी घेऊन संगणकावरची प्रत्येक फाईल तपासतो. पोलीस ठाण्यात गुन्हेगारांच्या बोटांचे ठसे ठेवतात, तसाच हा प्रकार. यातून एक गोष्ट उघड होते. ज्याचा ठसा घेतलेलाच नाही तो पकडला जात नाही. नमुना हाती आल्याशिवाय खूण नाही आणि खूण नसेल तर उपचार नाही.

म्हणजे १९९०च्या सुमारास भारतातल्या माणसासाठी खरा प्रश्न ‘सर्वांत प्रसिद्ध अँटीव्हायरस कोणता’ हा नव्हता. ‘आपल्या गावात फिरणारा विषाणू कोणाच्या यादीत आहे’ हा होता. हा नमुना सर्वांत आधी कोणाकडे येणार? अर्थातच संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे.

मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करत. त्यांचे शिक्षण दहावीपर्यंतच झाले होते. पुढे त्यांनी स्वतःचे दुकान काढले आणि संगणकांच्या दुरुस्तीकडे वळले. त्यांचे धाकटे बंधू संजय पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. दुकानात येणाऱ्या कित्येक संगणकांचा कोणताही भाग बिघडलेला नसे, त्यांना विषाणूची बाधा झालेली असे. संजय यांनी अशा एकेका विषाणूवर लहान लहान प्रोग्रॅम लिहिले. पुढे ते एकत्र करून ‘क्विक हील’ हा अँटीव्हायरस तयार झाला. १९९५ साली कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी नोंदवली गेली. २००७ साली तिचे नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले आणि फेब्रुवारी २०१६मध्ये तिचे समभाग शेअरबाजारात आले. चेन्नईत के सेव्हन आणि मुंबईत ईस्कॅन तयार करणारी मायक्रोवर्ल्ड या कंपन्याही त्याच दशकात उभ्या राहिल्या.

या हकिकतीकडे केवळ जिद्दीची गोष्ट म्हणून पाहिले जाते. विज्ञानाच्या अंगाने पाहिले तर तिच्यात आणखी एक अर्थ आहे. नमुने जेथे गोळा होतात तेथे ज्ञान तयार होते. साथीच्या रोगांच्या अभ्यासात गावातल्या दवाखान्याला जे महत्त्व, तेच येथे दुरुस्तीच्या दुकानाला होते.

खरोखर फिरणारे विषाणू कोणते हे ओळखण्याची गरज जगभर भासत होती. १९९२ साली ‘मायकेलअँजेलो’ विषाणूने मोठी घबराट उडवली. ६ मार्चला, म्हणजे त्या शिल्पकाराच्या जन्मदिनी, तो चकतीवरील माहिती पुसणार होता. पन्नास लाखांपर्यंत संगणक बाधित होतील, अशी भाकिते वृत्तपत्रांत आली. प्रत्यक्षात नुकसान काही हजार संगणकांपुरते राहिले, मात्र अँटीव्हायरसचा खप भरपूर झाला. पुढच्याच वर्षी, १९९३ साली, जो वेल्स या तज्ज्ञाने ‘वाइल्डलिस्ट’ सुरू केली. निरनिराळ्या देशांतील जाणकारांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या विषाणूंची ती यादी होती. प्रयोगशाळेतल्या हजारो विषाणूंपेक्षा बाहेर फिरणारे थोडे विषाणू अधिक महत्त्वाचे, हा विचार या यादीमुळे रुजला.

सर्व विषाणू ओळखणारा प्रोग्रॅम असू शकतो का?

जाहिराती पाहिल्या तर उत्तर ‘होय’ असे वाटेल. कोहेन यांनी १९८४ सालीच दाखवून दिले होते, की असा प्रोग्रॅम असूच शकत नाही. त्यांचा युक्तिवाद अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना सहज समजावा असा आहे.

समजा, ‘पारखी’ नावाचा एक प्रोग्रॅम आहे. त्याच्यापुढे कोणताही प्रोग्रॅम ठेवा, तो ‘विषाणू आहे’ किंवा ‘विषाणू नाही’ असे अचूक सांगतो आणि कधीही चुकत नाही. आता आपण एक खट्याळ प्रोग्रॅम लिहू. तो प्रथम पारखीला विचारतो, ‘मी विषाणू आहे का?’ उत्तर ‘आहे’ असे आले तर तो काहीही न करता थांबतो. उत्तर ‘नाही’ असे आले तर तो आपल्या प्रती पसरवू लागतो. पाहा बरे, पारखीने काय उत्तर द्यावे? ‘आहे’ म्हटले तर तो पसरत नाही, म्हणजे तो विषाणू नव्हता. ‘नाही’ म्हटले तर तो पसरतो, म्हणजे तो विषाणूच होता. दोन्हीकडून पारखी चुकला. तेव्हा कधीही न चुकणारा पारखी आहे, हे आपले गृहीतकच खोटे ठरले.

दुसरी अडचण आकड्यांची आहे. उदाहरणादाखल एक गणित करू. एका संगणकावर १,००,००० फाईली आहेत आणि त्यांपैकी १० बाधित आहेत असे धरा. एखादा अँटीव्हायरस १०० बाधित फाईलींपैकी ९९ ओळखतो, आणि १०० निरोगी फाईलींपैकी एकीवर चुकून आळ घेतो. ऐकायला हा उत्तम वाटतो. पण तो १० बाधित फाईली जवळजवळ सगळ्या पकडील आणि त्यांबरोबर सुमारे १,००० निर्दोष फाईलींवरही आरोप ठेवील. असा राखणदार कोणीही दोन दिवसांत बंद करून टाकील. म्हणून अँटीव्हायरसची परीक्षा घेताना ‘किती पकडले’ याबरोबर ‘किती निर्दोषांना त्रास दिला’ हेही मोजावे लागते.

वाट बदलली

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्याच वर्षी ‘कॉन्सेप्ट’ हा विषाणू पसरला. तो वर्डमध्ये लिहिलेल्या पत्राच्या आत राहत असे. पत्रातून विषाणू येऊ शकत नाही हा तोवरचा समज त्याने खोटा ठरवला. २६ एप्रिल १९९९ रोजी ‘सीआयएच’ने आशियात मोठे नुकसान केले. तो संगणकाच्या मूळ चिपमधला मजकूरच खराब करत असे. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ असे शीर्षक असलेली ई-पत्रे एका दिवसात जगभर पोहोचली. सोबतची जोडफाईल उघडली, की तेच पत्र वाचणाऱ्याच्या ओळखीच्या सर्वांना जाई. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरपासून लागू झाला. दुसऱ्याच्या संगणकात विषाणू सोडणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी टाकणारे कलम त्यात आहे.

आता निवडीची कसोटी पालटली. फ्लॉपीच्या काळात विषाणूला गाव ओलांडायला आठवडे लागत, त्यामुळे खुणांची नवी यादी महिन्याने आली तरी चाले. ई-पत्राच्या काळात महिना म्हणजे युग झाले. यादी रोज, आणि पुढे तासातासाने, ताजी करणारा तोच चांगला अँटीव्हायरस असे ठरले.

यानंतरचा बदल आणखी मोठा होता. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा प्रोग्रॅम जगभर पसरला. तो फाईलींना कुलूप घालून खंडणी मागे. कोणी काही उघडण्याची त्याला गरज नव्हती, विंडोजमधल्या एका दोषातून तो एका संगणकातून दुसऱ्यात स्वतःच शिरे. या दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेली होती. ज्यांनी ती घातली होती त्यांच्या संगणकात तो या दोषातून शिरू शकला नाही. जूनच्या अखेरीस ‘नॉटपेट्या’ आला. त्याचा उगम युक्रेनमध्ये होता, पण मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून त्याचा फटका आपल्या न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनललाही बसला. तेथील कामकाज विस्कळीत झाले आणि मालाची चढउतार खोळंबली.

इंटरनेटची जोड नसलेले संगणक तरी सुरक्षित असतात का? २०१० साली उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ने याचे उत्तर दिले. इराणमधील युरेनियम समृद्धीकरण केंद्राच्या यंत्रांवर रोखलेला हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरूनही पसरू शकत असे. फ्लॉपी गेली, पण खिशातून विषाणू नेण्याची वाट कायम राहिली होती. तारापूर अणुवीज केंद्राच्या शेजारी राहणाऱ्या आम्हा मंडळींना या विषयाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. २०१९ साली कुडनकुलम केंद्राच्या संदर्भात अणुऊर्जा महामंडळाने एक खुलासा केला होता. कार्यालयीन कामासाठी इंटरनेटला जोडलेल्या एका संगणकात घातक प्रोग्रॅम सापडला होता. केंद्राची नियंत्रण यंत्रणा या जाळ्यापासून अलग ठेवलेली असल्याने तिला बाधा झाली नाही, असे त्यात म्हटले होते. येथेही मुख्य आधार होता तो वाट तोडण्याचा.

मिरचीच्या शेतातला धडा

वाणगाव परिसरातल्या मिरची पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हा विचार मुळीच नवा नाही. मिरचीवर चुरडा-मुरडा पडतो, म्हणजे पाने वळून आखडतात. फुलकिडे आणि कोळी यांच्या उपद्रवानेही असे होते. पण यातला विषाणूमुळे होणारा प्रकार पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. बाधा झालेले झाड बरे करील असे औषध नाही. म्हणून शेतकरी काय करतो? रोपवाटिकेवर बारीक जाळी घालतो, पिवळे चिकट सापळे लावतो, माशीचा बंदोबस्त करतो, रोगट झाड दिसताच उपटून टाकतो आणि रोगाला दाद न देणारे वाण निवडतो.

प्रत्येक उपायाला संगणकात जोड सापडते. जाळी म्हणजे अनोळखी जोडफाईल आणि चोरटे प्रोग्रॅम बाहेर ठेवण्याची शिस्त. दाद न देणारे वाण म्हणजे वेळच्या वेळी दुरुस्त्या घातलेला संगणक. रोगट झाड उपटणे म्हणजे बाधित संगणक ताबडतोब जाळ्यातून काढणे. अँटीव्हायरस हा यातला चिकट सापळा आहे. तो लावायलाच हवा, पण केवळ त्याच्या भरवशावर कोणी मिरची लावत नाही.

राखणदाराचे दोष

अँटीव्हायरसला संगणकातली प्रत्येक फाईल उघडण्याची मुभा द्यावी लागते. म्हणून तो चुकला तर नुकसानही मोठे होते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या खुणांच्या नव्या यादीने विंडोज एक्सपीमधली एक आवश्यक फाईलच विषाणू ठरवली आणि असंख्य संगणक सुरू होईनात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि अनेक देशांत विमानांची उड्डाणे रखडली. विश्वासाचा प्रश्न आणखी निराळा. अवास्ट या कंपनीने ग्राहकांच्या इंटरनेट वापराची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेत २०२४ साली तिच्यावर १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याची पाळी आली. तेव्हा फुकट मिळणाऱ्या राखणदाराचा पगार कोण देतो, हे विचारणे शहाणपणाचे आहे.

मग निवड कशी करावी?

हा सारा इतिहास ध्यानात घेतला, तर घरच्या संगणकासाठी पुढील क्रमाने विचार करावा असे आम्ही सुचवू.

पहिले, संगणकाची मूळ प्रणाली जिवंत आहे का ते पाहावे. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मुदतवाढीची सोय न घेतलेल्या अशा संगणकाला नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत. त्यावर महागडा अँटीव्हायरस घालणे म्हणजे दार मोडलेल्या घराला भारी कुलूप आणणे होय. चोरट्या प्रतीचीही तीच गत असते.

दुसरे, संगणकात आधीच काय आहे ते पाहावे. २०१२च्या विंडोज ८पासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा अँटीव्हायरस प्रणालीतच असतो. जर्मनीतील एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, संगणकाचा वेग आणि खोटे आळ अशा तीन बाबींना प्रत्येकी ६ गुण देते. अलीकडच्या वर्षांत डिफेंडर या परीक्षेत वरच्या श्रेणीत आला आहे. बहुतेक घरांना तो पुरेसा आहे. तो चालू आहे ना आणि रोज ताजा होतो ना, एवढे मात्र पाहायला हवे.

तिसरे, विकतचा घ्यायचा तर कशासाठी हे ठरवावे. मुलांसाठी संकेतस्थळांवर मर्यादा घालायची आहे का? अडचण आली तर मराठीत बोलणारा माणूस हवा आहे का? ही कारणे रास्त आहेत. मग एव्ही-टेस्ट किंवा ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्हज यांचे एकाऐवजी तीन-चार निकाल पाहावेत, कारण एका परीक्षेतला पहिला क्रमांक पुढच्या परीक्षेत टिकेलच असे नाही. दुसऱ्या वर्षीचे शुल्क किती हेही आधीच विचारावे. मात्र दोन अँटीव्हायरस एकाच वेळी चालवू नयेत. दोघेही प्रत्येक फाईल आधी धरू पाहतात आणि संगणक मंदावतो.

चौथे, ‘तुमच्या संगणकात विषाणू सापडला आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी पाटी पडद्यावर आली तर फोन करू नये. खरा अँटीव्हायरस असे फोन करायला लावत नाही. पैसे गेलेच तर १९३० या सरकारी क्रमांकावर लगेच कळवावे. बाधित संगणक स्वच्छ करण्यासाठी केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ सालापासून मोफत साधने उपलब्ध केली आहेत.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती विकत घ्यावी लागत नाही. कोहेन यांच्या युक्तिवादानुसार राखणदार कधी ना कधी चुकणारच. त्या दिवसासाठी महत्त्वाच्या फाईलींच्या तीन प्रती असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत काढली की ती संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेल्या प्रतीला खंडणीखोर प्रोग्रॅम मूळ फाईलींबरोबरच कुलूप घालतो. सोडवून ठेवलेली हार्ड डिस्क म्हणजे त्या जुन्या फ्लॉपीच्या खाचेवरची चिकटपट्टीच आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

अँटीव्हायरस खरोखर जागा आहे का, हे पाहण्यासाठी तज्ज्ञांनी ‘आयकार’ नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी फाईल ठरवून दिली आहे. ती संगणकावर उतरवली, की चालू असलेल्या अँटीव्हायरसने ओरडायलाच हवे. शाळेच्या संगणकावर हा प्रयोग मुख्याध्यापकांना सांगून करावा.

दुसरा प्रयोग संगणकाशिवाय होतो. शाळेतला एक पेनड्राइव्ह घ्यावा आणि त्याला वही जोडावी. आठवडाभर तो ज्या ज्या संगणकात जाईल त्याची तारीख आणि जागा विद्यार्थ्यांनी लिहावी. आठवड्याच्या शेवटी फळ्यावर या जागा बिंदूंनी दाखवून त्या रेषांनी जोडाव्यात. कोणत्या बिंदूला सर्वांत अधिक रेषा येऊन मिळतात ते मुलांना शोधू द्यावे, आणि एकच बिंदू सुरक्षित करायचा झाला तर तो कोणता असावा, हे त्यांनाच ठरवू द्यावे.